कधीच विक्रीला न आलेलं प्लेस्टेशन



"बाई, प्लेस्टेशन कोणी शोधलं?" चौथीतल्या एका मुलाने भर तासात विचारलं. मला उत्तर येत नव्हतं. उद्या सांगते म्हटलं आणि घरी येऊन वाचत बसले. तेव्हा कळलं की पहिलं प्लेस्टेशन दुकानात आलंच नाही!

जपानमध्ये सोनी कंपनीत केन कुतारागी नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रासाठी आवाजाची चिप बनवली. तेही सुरुवातीला वरिष्ठांना फारसं न सांगता. पुढे १९८८ मध्ये दोन्ही कंपन्यांचा करार झाला. त्या काळी गेम कॅसेटमध्ये यायचे. कॅसेट महाग आणि जागा कमी, फार तर काही एमबी. सीडीत ६५० एमबीच्या आसपास मावतात, शिवाय ती छापायला स्वस्त. म्हणून ठरलं की सोनीने कॅसेट आणि सीडी दोन्ही चालणारं यंत्र बनवायचं.

पण करारात एक मेख होती. सीडीवरच्या गेमचे हक्क सोनीकडे जाणार होते. मुलांना हे समजावताना मी म्हटलं, बॅट तुझी, बॉल त्याचा, पण कोण खेळणार हे बॉलवाला ठरवणार, चालेल? वर्ग एका सुरात "नाही!" निन्टेंडोचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनाही ते चाललं नाही.

जून १९९१, शिकागोचं इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शन. सोनीने मोठ्या थाटात 'प्ले स्टेशन' जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने त्याच प्रदर्शनात सांगितलं, आम्ही सीडीसाठी फिलिप्सबरोबर जातोय! गंमत बघा, सीडी हा शोधच मुळात फिलिप्स आणि सोनीचा मिळून. सगळ्यांसमोर असा अपमान. (मला विचाराल तर निन्टेंडोची काळजी रास्त होती, पण पद्धत वाईट.)

सोनीतले बरेच जण म्हणत होते, गेमचा नाद सोडा. कुतारागी मात्र अडून बसले आणि अध्यक्ष नोरिओ ओगा त्यांच्या पाठीशी राहिले. ३ डिसेंबर १९९४ ला सोनीचं स्वतःचं प्लेस्टेशन जपानात आलं आणि पुढे जगभर १० कोटींहून जास्त विकलं गेलं. फिलिप्सबरोबरचं सीडीचं जोडयंत्र मात्र निन्टेंडोने कधीच आणलं नाही.

त्या जुन्या यंत्राचे सुमारे २०० नमुने बनले होते असं सांगतात. त्यातला एक २०१५ मध्ये अमेरिकेत उजेडात आला. एका दिवाळखोर कंपनीच्या सामानाच्या लिलावात तो कुणीतरी किरकोळ वस्तूंबरोबर घेतला होता. कंट्रोलर निन्टेंडोच्या धाटणीचा, त्यावर नाव सोनीचं. कॅसेट चालायची, सीडी मात्र दुरुस्तीनंतरच चालू झाली. २०२० मध्ये तो ३ लाख ६० हजार डॉलरला, म्हणजे अडीच कोटींहून जास्त रुपयांना विकला गेला.

हे ऐकून तोच मुलगा म्हणाला, "बाई, मग त्यांची कट्टी सुटली का?" आता याचं उत्तरही उद्यावर टाकलंय.