'नको' म्हणण्याची सोय
लेखमाला : फाटकाबाहेरचं महाविद्यालय – भाग ६

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या गावात जानेवारीत सर्वेक्षणाला गेलं, की एकामागून एक घरांना कुलपं दिसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडलेल्या असतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. असे कोयते कारखान्यांच्या वाटेला लागले, की गुढीपाडव्याच्या आगेमागेच परततात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी मुलं. नेमक्या याच दिवसांत महाविद्यालयांची शिबिरं भरतात, कारण पहिल्या सत्राची परीक्षा आटोपलेली असते आणि दुसरीला वेळ असतो. 'कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय', 'वार्षिक उत्पन्न', 'कर्ज आहे काय' हे रकाने आजी भरून देते. मुकादमाकडून पोराने किती उचल घेतली हे तिला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी परक्या मुलांना ती का सांगेल? पुढे अहवालात त्या गावाचं जे चित्र उमटतं त्यात गावातली कमावती, कर्ज फेडणारी, हंगामभर पाचटाच्या कोपीत राहणारी माणसं नसतातच.

तारीख महाविद्यालयाने ठरवली, प्रश्न महाविद्यालयाने काढले, गावही महाविद्यालयानेच निवडलं. मागच्या भागात आपण शिबिराच्या नियोजनाबद्दल बोललो. आज त्याच्याही आधीच्या पायरीवर थांबू या : गावाला विचारलं कुणी?

विद्यार्थ्यांच्या समाजसेवेची आपली सगळी चर्चा दुसऱ्याच प्रश्नाभोवती फिरली आहे. ही सेवा सक्तीची असावी की ऐच्छिक? १९५९ साली सी. डी. देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने शालेय शिक्षण संपल्यावर, पदवीच्या आधी, नऊ महिने ते वर्षभर सक्तीची राष्ट्रसेवा सुचवली होती. त्यानंतर शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या योजना अभ्यासून सेवा ऐच्छिक असावी असा कौल दिला. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तीही ऐच्छिकच. वर्षाला १२० तास. त्यांतले २० तास योजनेची ओळख आणि तयारी, ३० तास आवारातलं काम, ७० तास प्रत्यक्ष लोकांत. शिवाय सात दिवसांचं विशेष शिबिर.

मुलांवर सक्ती नको, यावर एवढा खल झाला. पण ज्यांच्या दारात ही मुलं जाणार त्यांच्यासाठी ही योजना ऐच्छिक आहे का, हा प्रश्न त्या चर्चेच्या मध्यभागी कधी आलाच नाही. आता तो टाळता येणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग हे पदवीच्या आराखड्यातच आले. प्रत्यक्ष कामाच्या एका श्रेयांकाला सत्रात ३० तास धरले जातात, म्हणजे दोन श्रेयांकांना ६० तास. पूर्वी आवडीने नाव नोंदवणारी मुलं गावात जायची, आता वर्गातली सगळी जातील. वाणिज्य शाखेच्या मुलीने कधी तरी बचत गटाच्या बैठकीत बसावं, संगणकशास्त्राच्या मुलाने तलाठ्याकडे सातबारा काढायला किती फेऱ्या पडतात ते पाहावं, हे मला मनापासून हवंसं वाटतं. म्हणूनच पहिलं पाऊल नीट पडावं, असा आग्रह आहे.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू होण्याच्या सुमारे दीड वर्ष आधी, एप्रिल १९६८ मध्ये, मेक्सिकोत इव्हान इलिच या विचारवंताने अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर एक भाषण केलं. उन्हाळी सुटीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवा करायला निघालेल्या त्या मुलांना त्याने सरळ परत जायला सांगितलं. त्याचं म्हणणं कडवट होतं, पण त्यात एक फार नेमकी गोष्ट होती. सेवा करायचीच असेल तर स्वतःच्या देशातल्या गरीब वस्तीत करा, कारण तुम्ही नकोसे झालात तर तिथले लोक ते तुम्हाला कळेल अशा भाषेत तोंडावर सांगू शकतील. दूरच्या खेड्यातला माणूस सांगू शकणार नाही, आणि सांगितलं तरी तुम्हाला कळणार नाही. इलिचचा निष्कर्ष मला मान्य नाही. मुलांनी जाऊच नये, या टोकाला मी जाणार नाही. पण सेवेची परीक्षा समोरच्याला नकार देता येतो की नाही यावर व्हावी, हे त्याचं सांगणं माझ्या मनातून हलत नाही.

आपल्याकडे भाषेची अडचण कमी असते, तरी नकार अवघडच. दारात आलेल्याला आपलं खेडं बसायला चटई टाकतं, पाणी देतं, चहा ठेवतं. पुढे सरपंचांचा माणूस, मागे प्राध्यापक, मध्ये एकसारखे टी-शर्ट घातलेली मुलं. अशा घोळक्याला 'आज वेळ नाही' म्हणणं कुणालाही जड जातं. शिवाय मनात शंका येतेच. ही घरकुलाची यादी तर नसेल? रेशनकार्डावरचं नाव उडालं तर? मग उत्तरं त्या हिशेबाने दिली जातात. उत्पन्न कमी सांगितलं जातं, शौचालयाचा वापर 'रोज' होतो, पोरगी 'शिकतेय'. यात लबाडी शोधू नये. ज्याला नकार देता येत नाही, तो सावध उत्तरं देतो. त्यामुळे लोकांचा मान राखणं आणि खरी माहिती मिळणं ही दोन वेगळी कामं नाहीतच.

बऱ्याच महाविद्यालयांना वाटतं, की सरपंचांचं पत्र आलं म्हणजे गावाची परवानगी मिळाली. ते पत्र हवंच, पण ते शाळेच्या खोल्या आणि पिण्याचं पाणी मिळवून देतं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या घराचा होकार त्यात नसतो. पारधी पालावर पोलीस आणि चौकशी यांचा जो इतिहास आहे, तो माहीत असलेला कार्यक्रम अधिकारी वही-पेन घेतलेली मुलं तिथे एकदम पाठवणार नाही. बाईच्या वतीने नवऱ्याने दिलेलं उत्तर म्हणजे बाईचं उत्तर नव्हे. ओसरीवर पुरुषमंडळींसमोर पाळीच्या दिवसांतल्या कापडाबद्दल विचारणाऱ्या मुलीला काही कळत नाही असं नाही, तिला कुणी सांगितलेलंच नसतं. ते सांगण्यासाठीच तयारीचे ते २० तास आहेत. ते उद्घाटन आणि गणवेश-वाटपात संपू नयेत.

छायाचित्रांचंही तेच. मूल्यांकनासाठी जिओटॅग केलेली छायाचित्रं लागतात, म्हणून प्रत्येक उपक्रमात मोबाइल उंचावले जातात. रक्तदाब मोजून घेणारे आजोबा, हातात फराळाचं पाकीट दिलेलं मूल, मोडक्या घरासमोर उभी विधवा. पुरावा म्हणून मुलांनी बांधलेल्या वनराई बंधाऱ्याचं चित्र पुरतं. माणसाच्या गरजेचं चित्र त्याला विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि विचारल्यावर तो मान हलवेल तेवढ्यानेही समाधान मानू नये. हे चित्र कुठे लागणार आहे ते त्याला सांगावं.

नकाराची सोय प्रत्यक्षात कशी दिसते, हे पाहायचं तर गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहावं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा देणारं हे गोंड आदिवासींचं गाव. इथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. कुणाचं एकाचं जरी पटलेलं नसलं तरी बोलणं चालू राहतं. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे सोबती अभ्यास गटात एकत्र बसत होते. अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, वाद घालायचा. निर्णय मात्र ग्रामसभेतच. बाहेरच्या माणसाला तिथे काही संशोधन करायचं असेल तर त्याने आधी ग्रामसभेपुढे येऊन सांगायचं आणि परवानगी घ्यायची. अभ्यास करणारा आणि ज्याचा अभ्यास होतो तो, दोघेही एकाच सतरंजीवर बसलेले असतात आणि प्रश्न दोघांनाही विचारता येतात. सर्वेक्षणाला निघणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने हे मुलांना सांगावं, असं मला वाटतं.

याच जिल्ह्यात अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने रुग्णालय बांधण्याआधी आदिवासींना विचारलं, की सरकारी दवाखान्यात जायला तुम्ही का कचरता? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, अशी कारणं आली. एक कारण तर बाहेरच्या कुणाला सुचलंच नसतं : डॉक्टर आणि नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि आम्ही प्रेताला पांढरं गुंडाळतो. मग रुग्णालय गावासारखं, झोपड्यांच्या रूपात उभं राहिलं, नातेवाइकांना तिथे राहता येऊ लागलं आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. संस्थेच्या सुरुवातीच्या काळात सिकलसेलवर झालेल्या अभ्यासाबद्दल डॉ. बंग यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितलं आहे, की तो विषय संशोधकांना महत्त्वाचा वाटला होता, लोकांची ती मागणी नव्हती. जगभर मान मिळालेल्या संशोधकाला हा फरक उघड मांडावासा वाटतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात तो मांडायला संकोच कसला?

पण साठ तासांच्या प्रकल्पात एवढं सगळं बसणार कसं, असं प्राध्यापक विचारतात आणि त्यांची अडचण खरी आहे. वर्ग घ्यायचे, परीक्षा घ्यायच्या, शंभर मुलांचे अहवाल तपासायचे. त्यांच्यासाठी एक साधी वाट सुचवतो. महाराष्ट्रात ग्रामसभा प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. महाविद्यालयाचं वर्ष जून-जुलैत सुरू होतं. तेव्हा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला दोन प्राध्यापक आणि चार-सहा विद्यार्थ्यांनी जावं. प्रश्नावली नेऊ नये. आम्ही कोण, आमच्याजवळ किती दिवस आहेत, आम्हाला काय येतं आणि काय येत नाही, एवढं सांगावं आणि ऐकत बसावं. माती परीक्षणाचे नमुने गोळा करायला हात हवेत, अंगणवाडीतल्या मुलांची वजनं पुन्हा मोजून हवीत, जुन्या विहिरींची नोंद करायची आहे, असं काही निघेल. कुणी म्हणेल, आमच्या पोरांना स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरायला मदत करा. २ ऑक्टोबरपर्यंत प्रश्नांचा कच्चा मसुदा गावापुढे ठेवावा आणि नको ते प्रश्न गावाने खोडावेत. ऊसतोडीचं गाव असेल तर दसऱ्याआधीच घरोघरी जावं. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनी जे सापडलं ते मराठीत, दोन पानांत वाचून दाखवावं. चुकलं असेल ते लोक तिथेच दुरुस्त करतील. त्या दोन पानांची प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. आज अहवालाच्या प्रती विभागात, ग्रंथालयात आणि मूल्यांकनाच्या फायलीत जातात. ज्या घरांनी उत्तरं दिली त्यांना एकही मिळत नाही.

आणि १५ ऑगस्टला गाव 'यंदा नको' म्हणालं तर? मुलांचे गुण अडकतील, या भीतीनेच पुष्कळ महाविद्यालयं विचारायचं टाळतात. त्यावर उपाय विद्यापीठांच्या हातात आहे. परवानगी मागायला झालेल्या भेटी, ग्रामसभेत ऐकलेल्या गोष्टींची टिपणं आणि नकाराची कारणं यांना प्रकल्पाचे तास म्हणून मान्यता द्यावी. उरलेले तास शहरातच घालवता येतील. महाविद्यालयाचं आवार झाडणाऱ्या, मेस चालवणाऱ्या आणि रात्री फाटकावर बसणाऱ्या माणसांचे कामाचे तास, पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी यांचा अभ्यास कुठल्याही बाह्य परवानगीवाचून होऊ शकतो. अर्थात त्या माणसांना विचारूनच. त्यांचं म्हणणं ऐकायला महाविद्यालय तयार आहे का, याबद्दल पुढच्या आठवड्यात.