सैनिकाच्या दफ्तरातील तांबडी नोंद आणि ती रद्द करण्याच्या अर्जाची भाषा

१

महाडपासून सावित्री नदीच्या खाडीकाठाने जो गावांचा पट्टा पसरला आहे त्यास त्या भागात ‘खाडीपट्टा’ म्हणतात. तुडील हे या पट्ट्यातील एक गाव. महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके डोंगराळ असून भाताच्या एका पिकावर वर्षाचा निर्वाह होणे येथे पूर्वीपासूनच कठीण. त्यामुळे मुंबईची नोकरी, जहाज आणि पलटण या तीन वाटांनी येथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत आला. महाड तालुक्यातीलच आंबवडे या गावाच्या नावामागे ‘फौजी’ हे विशेषण कायमचे जडले, यावरून पलटणीचे या मुलखातील स्थान ध्यानात येते.

अशा मुलखात सैनिकाचे दफ्तर ही केवळ सरकारी बाब राहत नाही. त्या दफ्तरातील एखाद्या शिक्षेच्या नोंदीवर बढती, सेवेची मुदत आणि अखेरीस निवृत्तिवेतन अवलंबून असते, व त्या निवृत्तिवेतनावर एक कुटुंब अवलंबून असते. शिपाई त्या नोंदीला ‘रेड एंट्री’ म्हणतो. ती ‘पुसून मिळावी’ अशी त्याची इच्छा असते आणि या इच्छेतूनच अर्ज जन्मास येतो. या अर्जाचे यशापयश पुष्कळ अंशी कायद्यावर अवलंबून असले, तरी काही अंशी ते भाषेवरही अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अंशाचे विवरण करावयाचे आहे.

२

प्रथम नोंदीचे स्वरूप पाहणे अवश्य आहे. १९११ च्या कायद्याच्या जागी आलेला १९५० चा भूसेना अधिनियम २२ जुलै १९५० रोजी अंमलात आला. त्याच्या कलम ८० अन्वये पलटणीच्या कमान अधिकाऱ्यास कोर्टमार्शल न भरविता शिपायास शिक्षा देता येते. २८ दिवसांपर्यंतची लष्करी कैद अथवा स्थानबद्धता, तितकेच दिवस लाइनीत अडकवून ठेवणे, जादा पहारा, एका महिन्यात १४ दिवसांच्या पगारापर्यंत दंड, ठपका व सक्त ठपका इत्यादी शिक्षांचा त्यात समावेश होतो. झालेली शिक्षा सैनिकाच्या वर्तनपत्रकात लिहिली जाते. गंभीर शिक्षा तांबड्या शाईने आणि किरकोळ शिक्षा काळ्या शाईने लिहावयाची, असा प्रघात आहे. येथे शाईचा रंगच अर्थवाहक चिन्ह होतो, कारण अपराधाचा तपशील वाचण्यापूर्वीच वाचणाऱ्याला नोंदीची प्रत समजते.

अशा चार तांबड्या नोंदी झाल्या म्हणजे सैनिक सेवेस अनिष्ट ठरवून त्यास कमी करण्याचा विचार होऊ शकतो. १९५४ च्या भूसेना नियमांतील नियम १३ आणि सेनामुख्यालयाचे २८ डिसेंबर १९८८ चे धोरणपत्र हा त्याचा आधार होय. शिपायास निवृत्तिवेतनाचा हक्क साधारणतः १५ वर्षांच्या सेवेनंतर प्राप्त होतो. म्हणून बाराव्या किंवा तेराव्या वर्षी लागलेली चौथी नोंद ही दंडाच्या रकमेपेक्षा कितीतरी अधिक किंमत वसूल करते.

३

‘नोंद पुसावी’ या मागणीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. पहिली घटना, म्हणजे जे प्रत्यक्ष घडले ते. दुसरी आज्ञा, म्हणजे अधिकाऱ्याने सुनावलेली शिक्षा. तिसरी लेख, म्हणजे वर्तनपत्रकातील नोंद. घटना कोणासही पुसता येत नाही. लेख हा आज्ञेचा ठसा असल्यामुळे आज्ञा कायम असता तो एकटा पुसता येत नाही. राहता राहिली आज्ञा. कायद्याचा हात पोहोचतो तो तिथेच.

इंग्लंडमधील तत्त्ववेत्ता जे. एल. ऑस्टिन याने १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दाखवून दिले की, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत. ती उच्चारणे हीच एक कृती असते. ‘तुला चौदा दिवस लाइनीत राहण्याची शिक्षा’ हे अधिकाऱ्याचे वाक्य त्या जातीचे आहे. त्यास खरे किंवा खोटे म्हणता येत नाही. ते योग्य रीतीने उच्चारले गेले की नाही, एवढेच विचारता येते. आपल्याकडील मीमांसकांनी विधी आणि अर्थवाद असा जो भेद केला, त्याचे स्मरण या ठिकाणी होते. विधी कर्तव्य सांगतो. अर्थवाद त्याची स्तुती, निंदा किंवा हकीकत सांगून त्यास पुष्टी देतो. विधीचे सामर्थ्य अर्थवादास स्वतंत्रपणे प्राप्त होत नाही.

अधिनियमाच्या कलम ८७ मध्ये हीच दृष्टी दिसते. शिक्षा अवैध, अन्याय्य अथवा प्रमाणाबाहेर असल्याचे वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यास दिसून आल्यास त्यास ती रद्द करता येते, तीत फेरफार करता येतो किंवा ती माफ करता येते. तीन विशेषणे आणि तीन क्रियापदे, एवढाच येथे शब्दांचा व्यवहार आहे. ‘पुसणे’ हे क्रियापद त्यात नाही. अर्जदाराने आपली मागणी या शब्दांच्या भाषेत मांडली पाहिजे. शिक्षा देणाऱ्यास तितकी शिक्षा देण्याचा अधिकार होता काय, हा पहिला प्रश्न. नियम २२ प्रमाणे आरोपाची सुनावणी सैनिकाच्या समक्ष झाली काय, साक्षीदारांस प्रश्न विचारण्याची व आपले साक्षीदार आणण्याची मोकळीक त्यास मिळाली काय, हा दुसरा. अपराधाच्या मानाने शिक्षा जास्त झाली काय, हा तिसरा. कोणी दिली, कशी दिली आणि किती दिली, असे या प्रश्नांचे सार सांगता येईल.

४

मराठी अर्जाची घडण मात्र निराळ्या परंपरेतून आली आहे. मराठेशाहीच्या न्यायव्यवहारात वादीप्रतिवादी आपली हकीकत तपशीलवार लिहून देत; त्यास ‘करीना’ म्हणत. हरलेला पक्ष आपण खोटे ठरल्याचे मान्य करून ‘यजितखत’ लिहून देई. आणि अपराध्यास दिलासा द्यावयाचा तर त्यास ‘अभयपत्र’ मिळे. हे तीन कागद वेगळे होते. ज्याचे त्याचे प्रयोजन ठरलेले होते. आजचा अर्ज एकाच ताव्यावर हे तिन्ही कागद लिहू पाहतो. प्रारंभी घरची परिस्थिती व घटनेची हकीकत येते, हा करीना. मध्ये ‘माझ्या हातून चूक झाली, क्षमा असावी’ असे वाक्य येते, हे यजितखत. शेवटी ‘तरी मायबाप सरकारने नोंद काढून टाकावी’ असे अभय मागितले जाते. आणि कुठेतरी ‘शिक्षा अन्यायाने झाली’ असेही एक वाक्य असते. चूक झाल्याचे कबूल करणारे वाक्य व शिक्षा अन्यायाने झाल्याचे सांगणारे वाक्य शेजारी शेजारी ठेवली म्हणजे एक दुसऱ्यास मारते. वाचणारा अधिकारी कबुली तेवढी उचलतो, कारण ती निःसंदिग्ध असते.

मराठी वाक्यरचनेची एक लकबही येथे विचारात घेण्याजोगी आहे. ‘उशीर झाला’, ‘चूक घडली’, ‘हजर राहता आले नाही’ या वाक्यांत कर्ता मागे राहतो. बोलण्यात हे सौजन्य होय. पण अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये मंजूर रजेपेक्षा ‘पुरेशा कारणाशिवाय’ अधिक काळ राहणे हा अपराध आहे, केवळ उशीर हा नव्हे. म्हणजे अपराधाचा प्राण कारणाच्या अभावात आहे. ‘उशीर झाला’ या वाक्यात कारण असल्याचेही सांगितलेले नाही आणि नसल्याचेही नाही. त्याचा इंग्रजीत किंवा हिंदीत तर्जुमा होताना मागे राहिलेला कर्ता पुढे येतो आणि वाक्य कबुलीजबाब होऊन बसते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीने महाड शहर पुराखाली गेले आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली. समजा, तुडीलचा एक शिपाई त्या आठवड्यात रजेवर होता, त्याची रजा २३ जुलैस संपत होती, आणि वाहतूक सुरळीत झाल्यावर तो उशिराने पलटणीत पोहोचला. ‘पुरामुळे चार दिवस उशीर झाला, माफी असावी’ असे त्याने लिहिले तर तो अर्धा हरला. रजा कोणत्या तारखेस संपत होती, कोणत्या तारखेस कोणता मार्ग बंद होता, पलटणीस त्याने केव्हा व कसे कळविले, याचा दाखला कोणता जोडला आहे, आणि यास्तव ‘पुरेसे कारण’ होते, सबब शिक्षा अन्याय्य असून ती रद्द व्हावी, असे त्याने लिहावे. दयेची मागणी करावयाचीच असेल तर ती अखेरीस, ‘मुख्य मागणी मान्य न झाल्यास’ या शब्दांनी वेगळी काढून करावी. अशाने दोन मागण्या एकमेकींस छेदीत नाहीत.

महाडच्या इतिहासात हक्काच्या भाषेत केलेल्या लष्करी अर्जाचा एक दाखला आहे. तालुक्यातील रावढळ येथील गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. महारांची लष्करभरती बंद झाल्यावर त्यांनी १८९४ साली त्याविरुद्ध विनंतीपत्र सिद्ध केले. तेथे कोणा एका शिपायाचा अपराध नव्हता. एका संबंध समाजाच्या नावावर रेघ मारली गेली होती. म्हणून क्षमायाचनेला जागाच नव्हती. पूर्वजांचा इतिहास आणि बजावलेली चाकरी यांच्या आधारे ती मागणी उभी होती. शिवराम जानबा कांबळे यांनी पुढे १९१० साली भारतमंत्र्यांकडे धाडलेला अर्जही त्याच परंपरेतला. १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्ये मोडण्यात आली आणि महार रेजिमेंटची स्थापना १९४१ साली झाली.

५

मग करीन्याला, म्हणजे जीवनाच्या हकीकतीला, अर्जात स्थानच नाही काय? आहे, पण ते निराळ्या ठिकाणी. वीरेंद्रकुमार दुबे विरुद्ध भूसेनाध्यक्ष या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली असा निर्णय दिला की, चार तांबड्या नोंदी झाल्या एवढ्यानेच सैनिकास सेवेतून काढणे भाग पडत नाही. त्या नोंदींमुळे तो विचारार्थ पात्र होतो, इतकेच. १९८८ च्या धोरणपत्रानुसार अगोदर प्राथमिक चौकशी व्हावयास हवी. आणि निर्णय घेताना त्याची दीर्घ सेवा, कठीण ठाण्यांवर काढलेला काळ व तेथील खडतर जीवन यांचा विचार झाला पाहिजे. त्या खटल्यातील सैनिकाने निवृत्तिवेतनास आवश्यक तेवढी सेवा पुरी केल्याचे मानावे, असाही आदेश झाला.

भाषेच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. नोंदी होत्या त्या तशाच राहिल्या; बदलले ते त्यांचे वाचन. नोंद ही संदर्भावाचून वाचावयाची संख्या नसून एका माणसाच्या संपूर्ण सेवेच्या संदर्भात वाचावयाचे वाक्य आहे, असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा नोंद रद्द करण्याच्या अर्जात हकीकत गौण. पण नोंदींच्या आधारे काढून टाकण्याच्या नोटिशीस जे उत्तर द्यावयाचे, त्यात हकीकत हाच मुख्य आधार. एकाच मजकुराचे मोल त्याच्या स्थानाने बदलते.

मार्गाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, कलम २६ प्रमाणे सैनिकाने गाऱ्हाणे आपल्या अधिकाऱ्याकडे आणि त्याच्याचविरुद्ध असेल तर त्याच्या वरिष्ठाकडे मांडावे. ज्याच्याकडे ते येते त्याने पूर्ण चौकशी करणे बंधनकारक आहे. सेवेतून कमी केल्याच्या हुकमाविरुद्ध २००७ च्या अधिनियमाने निर्माण झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे, त्याच्या मुंबई पीठाकडेही, दाद मागता येते. तत्पूर्वी खात्यातील उपाय संपविलेले असावे लागतात, आणि अंतिम हुकमापासून ६ महिन्यांची मुदत असते. निवृत्तांस व त्यांच्या कुटुंबीयांस अलिबाग येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य घेता येते.

६

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. तांबडी नोंद हे वर्णन नसून एका आज्ञेचा अवशेष आहे. म्हणून ती हटविण्याचा मार्ग घटनेवरून किंवा शाईवरून जात नाही, आज्ञेवरून जातो. तुडीलच्या घरी बसून जो कोणी आपल्या भावाचा किंवा मुलाचा अर्ज लिहून देतो, त्याला लष्करी कायदा अवगत नसला तरी एवढे अवश्य पाहता येईल की, आपण लिहीत आहोत तो करीना आहे, यजितखत आहे की अभयपत्राची मागणी आहे. मराठीने हे भेद एकेकाळी काटेकोरपणे पाळले होते. पलटणीच्या दफ्तरासमोर उभ्या असलेल्या माणसाला त्यांचा आजही उपयोग आहे.