रिकामं करता येणारं दुकान

आम्ही दोघे भाऊ सांगलीत साड्यांचं दुकान चालवतो. व्याख्यान देणं हे काही आमचं काम नाही. पण गिऱ्हाइकासमोर दिवसभर बोलत असतो, त्यामुळे बोलायची भीती नाही, वेळेत थांबायची आहे. (हशा) विषय दिलाय तो असा, की दुकान बांधताना आर्किटेक्टबरोबर काम कसं करायचं. आमचा अनुभव एकाच दुकानाचा. तेव्हा त्या एका दुकानाबद्दलच बोलू.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिला असेल. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. त्या वर्षी ते ५७ फुटांच्या आसपास गेलं. आमच्या दुकानात साडेपाच फूट पाणी होतं. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, भारी माल आम्ही त्या खुणेच्या वर ठेवलेला, त्यामुळे निर्धास्त होतो. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर प्लायवूडची कपाटं फुगून बसलेली, दारं उघडेनात. पहार घालून ती फोडली आणि आतल्या साड्या बाहेर काढल्या. त्या वासाबद्दल आज बोलत नाही.

आमचा नेहमीचा सुतार चौथ्या दिवशी मापं घ्यायला हजर. पुन्हा तशीच कपाटं करायची, दिवाळीपर्यंत दुकान उभं करायचं, एवढंच आमच्या डोक्यात. बहीण माहेरी आली होती मदतीला. ती म्हणाली, "दादा, परत तेच करणार? आणि परत तिथंच?" तिच्याच ओळखीतून आर्किटेक्ट मॅडम आल्या. आम्हाला तेव्हा वाटत होतं, आर्किटेक्ट म्हणजे बंगलेवाल्यांची चैन.

इथं एक कामाची गोष्ट सांगून टाकतो. १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्या माणसालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. पण सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं, की कायद्यानं संरक्षण आहे ते त्या नावाला. डिझाइनचं काम इतरांनी करूच नये असं नाही. म्हणजे दुकान तुम्हाला ठेकेदारही आखून देईल, इंटिरिअरवालाही देईल. समोरचा आर्किटेक्ट म्हणवत असेल तर नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आम्ही विचारला. मॅडमना राग आला नाही, उलट बरं वाटलं.

फी कोणी एकूण खर्चाच्या टक्क्यांवर घेतं, कोणी चौरस फुटावर, कोणी ठोक. टक्क्यांत आम्हा व्यापाऱ्यांना लगेच खोट दिसते, खर्च वाढला की फीही वाढणार! आम्ही ठोक ठरवली आणि टप्पे पाडून दिली. साइटवर किती वेळा येणार हे लिहून घ्यायला मात्र विसरलो. पुढं त्यावरून एकदा वाजलं. चूक आमची होती.

आता मुख्य भाग. पहिल्या भेटीला आम्ही मोबाइलमध्ये मुंबई-पुण्याच्या शोरूमचे फोटो जमवून नेले होते. मॅडमनी फोटो पाहिले, बाजूला ठेवले आणि विचारलं, "साड्या किती आहेत?" आम्ही म्हणालो, भरपूर. "किती?" मग कळलं, रुपयातला आकडा आम्हाला तोंडपाठ, नगातला नाही. रोजच्या वापरातल्या किती, इरकल किती, पैठणी किती, घडीचं माप काय, एका चळतीत किती राहतात, खालची ओढताना वरच्या पडतात का? हे मोजायला आम्हाला आठवडा लागला. तोवर त्यांनी एक रेघ ओढली नाही. आम्हाला वाटलं, बाई काम सुरूच करत नाहीत. खरं तर काम सुरू झालेलं होतं.

दुकान बंद, म्हणून आम्ही एका कार्यालयाचा हॉल घेऊन थोडी विक्री चालू ठेवली होती. मॅडम तिथं दोन दिवस कोपऱ्यात स्टूल टाकून बसल्या. वहीत काय लिहीत होत्या ते नंतर दाखवलं. बायका साडी पसंत करतात, मग म्हणतात "जरा उजेडात बघू" आणि ती घेऊन दारापाशी जातात. हे आम्ही आयुष्यभर पाहत आलोय. साडी रस्त्यापर्यंत जाऊ नये म्हणून पोरगा उभा करतो, एवढाच आमचा त्यावरचा विचार. मॅडमनी लिहिलं होतं : "गिऱ्हाइकाचा दुकानातल्या दिव्यावर विश्वास नाही."

हे समजून घेण्यासारखं आहे. दिवा पांढरा दिसला म्हणजे रंग खरे दिसतातच असं नाही. त्याला सीआरआय नावाचं माप असतं, जास्तीत जास्त १००. साध्या एलईडीचा ८० च्या आसपास असतो. कापडाच्या दुकानात ९० च्या वर हवा, नाहीतर आमसुली आणि मरून यांतला फरक मरतो. आणखी एक गंमत. दोन कापडं एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळी दिसतात. ब्लाउजपीस आणि फॉलचं मॅचिंग घरी गेल्यावर चुकतं ते बऱ्याचदा यामुळे. गिऱ्हाईक परत येऊन भांडतं, आणि आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो, ताई, तुम्हीच बघून घेतलंत! चांगल्या दिव्यांना पैसे जास्त गेले, पण ते कुठं वाचवायचे हेही मॅडमनीच सांगितलं. संगमरवरी काउंटर रद्द करा म्हणाल्या. केला. खरं म्हणजे एकदा रद्द केला, मग पुन्हा मागवला, मग परत रद्द केला. त्यात आगाऊ दिलेली रक्कम गेली ती गेलीच.

पाण्याचं काय, हा प्रश्न आम्ही असा विचारला होता : "पाणी आत येऊ नये यासाठी काय करता येईल?" मॅडम म्हणाल्या, नदीपुढं मी काही करू शकत नाही. तुम्ही मला सांगा, पाणी येणार हे कळल्यापासून दारात येईपर्यंत तुमच्याकडं किती तास असतात, आणि हाताशी माणसं किती? आमचं बोलणं तिथं बदललं. तोवर आम्ही दिसायला चांगलं दुकान मागत होतो. तिथून पुढं आम्ही सहा माणसांत चार तासांत रिकामं होणारं दुकान मागायला लागलो. कागदावर हे एक वाक्य पहिलं लिहिलं गेलं, बाकी सगळं त्यातून निघालं.

खालच्या भागात प्लायवूड नाही. खाली कडप्पा, वर लोखंडी उभे खांब आणि त्यांना अडकवलेले उचलून नेता येणारे ट्रे. साडी घडी न मोडता ट्रेसकट पोटमाळ्यावर. वायरिंग छतातून खाली येतं, जमिनीतून वर नाही. मेन बोर्ड माळ्यावर. पोटमाळ्यासाठी महापालिकेची परवानगी काढली आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा बोलावला. हा वेगळा माणूस असतो, बरं का. आमची इमारत जुन्या भिंतींची, आणि कापडाचं वजन कुणी धरत नाही. साड्यांनी भरलेला माळा म्हणजे किती ओझं, हे त्यानं गणित करून दाखवलं तेव्हा आम्ही जुन्या माळ्याखाली इतकी वर्षं बसत होतो याचीच भीती वाटली.

सुताराची आणि नकाशाची गाठ पडली तिथं एक घोळ झाला. नकाशा मिलिमीटरमध्ये, सुतार फूट-इंचात. शिवाय त्याचा हिशेब बाहेरून बाहेर, नकाशातला आतून आत. पहिले बारा ट्रे खांबांत बसेनात. कोण बरोबर यावर अर्धा दिवस गेला. नंतर मॅडमनी एक ट्रे खरा बनवून घेतला, त्यात साड्या भरून पाहिल्या, आणि मगच उरलेल्यांना हात लावला. हे आधीच करायला हवं होतं. ते झालं आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला. कारागीर गावी गेले. दुकान अर्धवट, कर्ज चालू. ते महिने कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत.

आता आप्पांची गोष्ट. आप्पा आमचे वडील. त्यांची गादी दारातून शिरताच डाव्या हाताला, पुढ्यात गल्ला. नकाशात गादी नव्हती. बिलिंग काउंटर मागच्या बाजूला नेलेला, कारण दारात गर्दी तुंबते. कागदावर ते बरोबरच होतं. आप्पांनी नकाशा पाहिला, "छान आहे" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले. तब्येतीचं कारण सांगितलं. आम्ही दोघं मॅडमना हे सांगायलाही तयार नव्हतो. घरची गोष्ट बाहेर कशाला! आठ दिवसांनी त्याच घरी आल्या. म्हणाल्या, "आप्पा, त्या जागेवरून तुम्हाला काय काय दिसतं ते मला सांगा."

आप्पा तासभर बोलले. कोण गिऱ्हाईक नुसतं बघायला आलंय, कुणाला बजेट सांगायची लाज वाटतेय, कोण म्हातारी खाली बैठकीवर बसू शकणार नाही, हे त्यांना शिरतानाच कळतं आणि ते आत खूण करतात. आम्हाला वाटायचं ते पैसे मोजायला बसतात. नव्या नकाशात बिलिंग मागंच राहिलं. गादी जुन्या जागी आली, जिन्याला लागून, गल्ल्याशिवाय. गादीसमोर दोन खुर्च्या आल्या.

दुकान २०२० च्या दिवाळीआधी उघडलं. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. २०१९ पेक्षा कमी, आमच्याकडं तीन फुटांपर्यंत. चार तासांत रिकामं व्हायचं दुकान, लागले साडेसहा. कारण जिना. जिना अडीच फुटी. ट्रे घेऊन चढणारा आणि रिकामा उतरणारा एकमेकांना ओलांडू शकत नव्हते. मॅडमनी साडेतीन फूट काढला होता, आम्ही भांडून एक फूट कमी करून घेतला होता, तिथं डमी उभी राहते म्हणून. त्यांनी तेव्हा ईमेलवर लिहून ठेवलं होतं, यामुळे वेळ वाढेल. ते ईमेल आम्ही नंतर वाचलं. (हशा) माल मात्र सगळा वाचला. धुऊन-पुसून नवव्या दिवशी बोहनी झाली.

जिना रुंद करायचा तर एक फूट जागा हवी होती, आणि ती गादीतूनच निघत होती. आप्पांना कोण सांगणार, यावर आमचे दोन महिने गेले. शेवटी मॅडम नकाशा घेऊन आल्या. आप्पांनी टेप मागितला, स्वतः गादी मोजली आणि म्हणाले, "एवढं कशाला घाबरताय? मी काय आडवा झोपतो का इथं?"

जिना आता साडेतीन फुटांचा आहे. तुमचे प्रश्न असतील तर विचारा. फीचा आकडा सोडून.