महापालिका मोठी, वाडा दूर

हुबळी-धारवाड हे नाव गोमंतकीय वाचकाच्या कानी पडते ते बहुधा म्हादईच्या निमित्ताने. कळसा-भांडुराचे पाणी मलप्रभेत वळवून या जुळ्या शहरांची तहान भागवावयाची, हा कर्नाटकाचा हेतू. त्यास गोव्याचा विरोध का, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. त्या वादात आज आम्ही शिरत नाही. आम्हांस विचारावयाचा आहे तो त्यापुढचा, वरकरणी क्षुल्लक वाटणारा प्रश्न: धरणाचे पाणी शहरात पोहोचले, म्हणजे ते कोणत्या गल्लीत, कोणत्या दिवशी आणि किती वेळ सोडावयाचे हे ठरवितो कोण?

हुबळी-धारवाडात या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर कित्येक वर्षे एकच होते: व्हॉल्व्हमन. सौंदत्तीजवळच्या मलप्रभा धरणातून आणि नीरसागर तलावातून येणारे पाणी काही दिवसांआड, तेही मोजके तास, नळाला येई. किल्ली फिरविणारा माणूस केव्हा येईल यावर गृहिणीचा दिवस बांधलेला असे. २००८ च्या सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने काही प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला आणि तो तेथे यशस्वीही ठरला. परंतु उरलेले शहर मात्र पूर्वीप्रमाणेच किल्लीवाल्याची वाट पाहत राहिले. महापालिकेच्या सभागृहात धरणांच्या, जलवाहिन्यांच्या, कोट्यवधींच्या चर्चा होत; गल्लीतल्या पाण्याची वेळ मात्र कोणाच्याच विषयपत्रिकेवर नसे. मोठ्या शहरांना आपल्या पोटात लहान लहान स्वराज्ये निर्माण करावीशी का वाटतात, याचे कारण या किल्लीत आहे.

या शहरांचा इतिहास पाहिला तर अंतर कसे वाढत गेले हे ध्यानी येते. हुबळीची नगरपालिका १८५५ सालची, धारवाडची १८५६ ची. म्हणजे लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या प्रसिद्ध ठरावाच्याही पूर्वीची. तेव्हाच्या पालिकेत लोकांचे राज्य नव्हते हे खरेच. पण गाव लहान होते आणि कारभारी दिसत तरी होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. १९६२ साली सुमारे वीस किलोमीटर अंतरावरच्या या दोन गावांना एकत्र करून एक महापालिका स्थापण्यात आली. एक व्यापाऱ्यांचे आणि रेल्वेचे गाव, दुसरे विद्येचे. धारवाड तर आमच्या जुन्या पिढीतील अनेक गोमंतकीयांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी जवळचे झालेले. व्यवस्थेच्या दृष्टीने या एकत्रीकरणात शहाणपण असेल. पण धारवाडकराची महापालिका त्या दिवसापासून हुबळीला गेली, ही भावना तेथे कधीच पुरती मावळली नाही. २०११ च्या जनगणनेत या जोडशहराची लोकसंख्या ९ लाख ४३ हजारांवर होती. आज ८२ प्रभाग आहेत. म्हणजे त्याच आकड्याने एका नगरसेवकाच्या वाट्याला साडेअकरा हजार माणसे येतात. आमच्याकडच्या कित्येक पंचायतींत इतके लोक नसतात, आणि त्या पंचायतीला सरपंच आहे, पंच आहेत, ग्रामसभा आहे. हुबळीच्या प्रभागाला एक नगरसेवक आहे. तो भेटला तर.

हे व्यंग संविधानकर्त्यांच्या नव्हे, तरी संविधान दुरुस्त करणाऱ्यांच्या ध्यानी आले. १९९२ ची चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने ३ लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत असे सांगितले. मात्र समिती एका प्रभागाची की अनेकांची, तिच्यात कोण बसणार, हे राज्यांवर सोडले, आणि तेथेच पाणी मुरले. महाराष्ट्राने अनेक प्रभाग एकत्र बांधले. २०१७ साली निवडून आलेल्या मुंबई महापालिकेत २२७ प्रभागांना मिळून वीसहूनही कमी समित्या होत्या. अशी समिती म्हणजे नगरसेवकांचीच आणखी एक बैठक. ज्याच्या दारातले गटार तुंबले आहे तो बाहेरच.

कर्नाटकाने २०११ साली यापेक्षा पुढचे पाऊल टाकले हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक प्रभागाला स्वतंत्र समिती, अध्यक्षस्थानी नगरसेवक, आणि सोबत नामनिर्देशित दहा नागरिक. त्यांत निदान तीन स्त्रिया, दोन अनुसूचित जाती-जमातींचे आणि दोन रहिवासी संघटनांचे. त्याखाली मतदान केंद्राच्या परिसरातील सर्व मतदारांची क्षेत्रसभा. कागदावर रचना देखणी आहे. पण ती लोकांच्या रेट्याने आली असे समजू नये. केंद्राच्या २००५ च्या नगरनवीकरण योजनेने पैशाबरोबर घातलेल्या अटींत नागरिकांच्या सहभागाचा कायदा ही एक अट होती. निधीसाठी केलेला कायदा आणि निष्ठेने केलेला कायदा यांतला फरक अंमलबजावणीत दिसतो. समितीचे नियम निघावयास २०१६ साल उजाडले!

आमच्या मते या रचनेचे खरे वैगुण्य 'नामनिर्देशित' या एका शब्दात आहे. वाड्याचा प्रतिनिधी वाड्याने निवडावयाचा नाही; त्याचे नाव वरून यावयाचे. वरून आलेला माणूस वरच पाहतो. आणि वरचे मूळच सुकले तर? हुबळी-धारवाडात नेमके हेच घडले. २०१९ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली. नवी निवडणूक झाली ती २०२१ च्या सप्टेंबरात, आणि महापौर निवडला गेला २०२२ च्या मे महिन्यात. तीन वर्षांहून अधिक काळ या नऊ लाखांच्या नगरीचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्यांत महामारीचाही काळ आला. जेव्हा कोणत्या घरात धान्य नाही, कोणत्या घरी म्हातारी एकटी आहे, हे शेजाऱ्याखेरीज कोणासच ठाऊक नव्हते. नगरसेवक नाही म्हणून अध्यक्ष नाही, अध्यक्ष नाही म्हणून समिती नाही. ज्या संस्थेची गरज संकटात सर्वाधिक, ती संकटातच उभी राहू शकत नसेल तर तिचा पाया तपासावयास हवा.

कोणी म्हणेल, महापालिकेची विभागीय कार्यालये आहेतच, तक्रार तेथे नोंदवावी. पण ते कार्यालय आयुक्तांचा हात आहे. तो हात खाली पोहोचतो आदेश देण्यासाठी, हिशेब देण्यासाठी नव्हे. प्रभाग समितीचे प्रयोजन वेगळे. यंदा उपलब्ध पैशांत आधी दिवे की आधी गटार, हा निर्णय जेथे अंधार आणि दुर्गंधी आहे तेथेच व्हावा, आणि चुकला तर चुकविणारा त्याच गल्लीत राहत असावा, एवढेच ते प्रयोजन. त्यासाठी समितीच्या हाती थोडी का होईना, पण स्वतःची रक्कम पाहिजे. पैशाविना समिती म्हणजे तक्रारपेटी. फरक इतकाच की पेटीला चहा पाजावा लागत नाही.

२०२५ च्या जानेवारीत कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने धारवाडला स्वतंत्र महापालिका देण्यास मान्यता दिली. प्रस्तावाप्रमाणे ८२ पैकी २६ प्रभाग धारवाडकडे जावयाचे. धारवाडकरांची जुनी मागणी म्हणून आम्हांस तिचे आश्चर्य वाटत नाही. पण महापालिकेच्या दोन महापालिका केल्याने महापौराच्या खुर्च्या दोन होतात. व्हॉल्व्हमनची किल्ली होती तेथेच राहते.

आता थोडे आपल्याकडे. गोव्यात ३ लाखांच्या जवळपासही पोहोचणारे शहर नाही. २०११ च्या जनगणनेत मुरगाव पालिकेची वस्तीदेखील एक लाखाच्या आत होती. तेव्हा संविधानाची ही सक्ती आम्हांस लागू नाही आणि नगरसेवक सकाळी बाजारात भेटतो, मग समिती कशाला, असा युक्तिवाद ऐकू येतो. बाजारात नगरसेवक भेटतो हे खरे. पण बाजारातल्या भेटीचे इतिवृत्त होत नाही. १९९४ च्या पंचायत राज कायद्याने गावच्या गोमंतकीयास जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतील एका रविवारी ग्रामसभेत उभे राहून सरपंचास जाब विचारण्याचा हक्क दिला. त्या सभांत आरडाओरडा होतो, कधी गणपूर्ती होत नाही, कधी एकच मनुष्य तास तास बोलतो. तरीही डोंगर कापण्याचे आणि शेते बुजविण्याचे कित्येक बेत प्रथम उघडे पडले ते तेथेच. तोच मनुष्य गाव सोडून म्हापशाच्या वा मडगावच्या एखाद्या इमारतीत राहावयास गेला, की हा रविवार त्याच्या आयुष्यातून गळून पडतो. कर मात्र तो अधिक भरतो.

हुबळी-धारवाडच्या प्रभाग समित्यांतले दोष आम्ही वर सांगितले. ते टाळून आपल्या पालिकांनी वर्षातले चार रविवार प्रभागांच्या खुल्या सभांसाठी राखून ठेवावेत, मागील तिमाहीतला खर्च तेथे वाचून दाखवावा आणि विचारलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरे पुढच्या सभेपूर्वी फलकावर लावावीत. याला कोणत्या कायद्याची आडकाठी आहे, हे पणजीच्या महापौरांनी आणि इतर पालिकांच्या नगराध्यक्षांनी जाहीरपणे सांगावे.