पासिंग आणि गंज

टॅक्सीला आठ वर्षे झाली, की दरवर्षी पासिंग करावे लागते. माझ्या भाच्याची ओम्नी बारा वर्षांची. पाच माणसांचे घर तिच्यावर चालते. पासिंग हुकले तर धंदा बंद.

ब्रेक, दिवे, टायर, धूर या गोष्टी गॅरेजमध्ये एका दिवसात मार्गी लागतात. आम्हां कोकणातल्या किनाऱ्यावरच्यांचा खरा वैरी गंज. खारा वारा पत्र्यावर मीठ ठेवून जातो आणि मीठ ओलावा धरून बसते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून आधी रंग फुगतो. फुगवटा दिसताच तारेच्या ब्रशने खरवडावे, रेडऑक्साइड लावावे, मग रंग. नुसती लांबी भरून रंग मारणारे पुष्कळ भेटतात. ती शुद्ध लबाडी! आत पत्रा सडतच राहतो.

दारांच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजली, की दार आतून कुजते. काडी घालून मोकळी करावीत. पायाखालचे मॅट उचलून वाळवावे. पावसाळा सरला, की गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवावे.

भाचा मला म्हणतो, "मामू, कान द्या." मग खालून पत्रा ठोकतो. खणखणीत वाजला तर ठीक. बद वाजला, तर कापून नवा तुकडा वेल्डिंग करायचा, तोही पासिंगच्या महिनाभर आधी.