जिवाणूंच्या कोठारातलं प्लॅस्टिक

द्राक्षांच्या हंगामात निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडच्या एखाद्या पॅकहाऊसमध्ये डोकावून पाहा. तोललेले घड प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये, डब्यांमध्ये भरले जात असतात. द्राक्षं चार दिवसांत खाऊन संपतात. डबा मात्र आपल्या नातवंडांनंतरही उरतो. मला तेव्हा नेहमी वाटतं, द्राक्षासारखंच मातीत मिसळून जाणारं प्लॅस्टिक मिळालं तर?

मंडळी, असं प्लॅस्टिक निसर्गात आहे आणि ते जिवाणू तयार करतात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ मॉरिस लमोआन यांनी ते १९२६च्या सुमारास ओळखलं. सुगीत शेतकरी कणग्या भरून ठेवतो ना, तसंच हे. साखर भरपूर, पण नायट्रोजन अपुरा, अशी वेळ आली की जिवाणूंची वाढ थांबते. मग जास्तीची साखर ते पीएचबी नावाच्या पदार्थाच्या कणांत साठवतात. काही जिवाणूंच्या कोरड्या वजनात हा साठा ८० टक्क्यांपर्यंत जातो! तो बाहेर काढून, वितळवून साच्यात ओतता येतो. मातीत पडला की इतर सूक्ष्मजीव तो खाऊन टाकतात, कारण त्यांच्या लेखी ते अन्नच असतं.

मग अडलं कुठे? किमतीत. १९९०मध्ये जर्मनीत अशा प्लॅस्टिकच्या बाटलीतून शाम्पू विकायला आला होता. पण साध्या प्लॅस्टिकपुढे तो खर्च परवडेना. नुसतं पीएचबी ठिसूळही असतं, म्हणून त्यात भावंडं मिसळावी लागतात. खर्च कमी करायचा तर जिवाणूंना स्वस्त खाणं हवं. साखर कारखान्याची मळी आणि वायनरीतला द्राक्षाचा चोथा यांवर प्रयोगशाळांत असे प्रयोग झाले आहेत. दोन्ही गोष्टी आपल्या दारातल्याच!

महाराष्ट्रात जवळचं पाऊल पडलं ते जेजुरीला. प्राज इंडस्ट्रीजचा जैवप्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प तिथे २०२४मध्ये सुरू झाला. तिथलं प्लॅस्टिक मात्र वेगळं, पीएलए नावाचं. त्यात जिवाणू फक्त लॅक्टिक आम्ल तयार करतात. पुढची साखळी रसायनशास्त्र जोडतं. ते लवकर कुजायला कंपोस्ट प्रकल्पातली साठेक अंशांची ऊब लागते. गोदावरीच्या थंड पाण्यात ते वर्षानुवर्षं तसंच राहील.

म्हणून पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ वाचलं की लगेच निर्धास्त होऊ नका. ‘कुठे कुजते आणि किती दिवसांत?’ हे विचारा. आयएस १७०८८ हा दाखला कंपोस्ट प्रकल्पातल्या परिस्थितीपुरता असतो, नदीपुरता नाही. अशी पिशवी ओल्या कचऱ्याबरोबर कंपोस्ट प्रकल्पापर्यंत पोहोचली, तरच तिचा उपयोग. जिवाणू आपलं काम चोख करतात. त्यांच्यापर्यंत माल पोहोचवणं एवढं आपलं काम.