शेजारचे भाग तयार, दूरची चिप नाही

गोदाकाठचे सायखेडा हे निफाड तालुक्यातले द्राक्षांचे आणि कांद्याचे गाव. पूल ओलांडून चांदोरीला आले की नाशिकचा हमरस्ता लागतो आणि पुढे सातपूर-अंबडचे कारखाने. या पट्ट्याचे गाडीशी नाते दुहेरी आहे. मळ्यातला माल बाजारात न्यायला गाडी लागते, आणि गाडी घडवण्याच्या कामावर नाशिकचे कितीतरी लहान-मोठे कारखाने चालतात. म्हणूनच 2020-21 मध्ये ही घडण कशामुळे अडली, हे इथे समजून घ्यायला हवे.

महिंद्राच्या नाशिक कारखान्यात स्कॉर्पिओ, बोलेरो यांच्या जोडीला नवी थार तयार होऊ लागली. 2 ऑक्टोबर 2020 रोजी ती बाजारात आली आणि नोंदणीची रांग महिनोन्महिने लांबली. त्यातच डिसेंबरमध्ये पुरवठ्याचा पेच पडला. इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण करणाऱ्या ईसीयूसाठी आयात होणाऱ्या मायक्रोप्रोसेसरचा, म्हणजे चिपचा, तुटवडा असल्याचे भाग पुरवणाऱ्या बॉशने कळवले आणि उत्पादनाला फटका बसणार असल्याचे महिंद्राने शेअर बाजाराला सांगितले.

इंजिनात इंधन कधी आणि किती सोडायचे, हे ईसीयू ठरवतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष लागू झाले आणि धुराच्या नियंत्रणासाठी गाडीतले इलेक्ट्रॉनिक्स आणखी वाढले. डिझेल इंजेक्टर आणि नोझल बनवणारा बॉशचा कारखाना सातपूरलाच आहे. पण अडले ते परदेशातून येणाऱ्या चिपपाशी. ईसीयू नसेल तर बाकी सगळे भाग हाताशी असूनही इंजिन सुरू होत नाही.

तुटवड्याचे मूळ टाळेबंदीत होते. 2020 च्या सुरुवातीला जगभरच्या वाहन कंपन्यांनी चिपच्या मागण्या कमी केल्या. त्यामुळे मोकळी झालेली चिप कारखान्यांची क्षमता फोन आणि लॅपटॉपच्या चिपकडे वळली. वाहनांची मागणी अपेक्षेपेक्षा लवकर परतली, पण चिप घडायलाच काही महिने लागतात. 19 मार्च 2021 रोजी जपानमध्ये रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली आणि वाहनांच्या चिपचा पुरवठा आणखी आटला. सप्टेंबर 2021 मध्ये महिंद्राने आपल्या वाहन कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद राहील आणि महिन्याचे उत्पादन 20 ते 25 टक्क्यांनी घटेल, असे जाहीर केले.

अशा वेळी ग्राहकाची प्रतीक्षा डोळ्यांत भरते; लहान व्हेंडरची कोंडी मात्र झाकली जाते. पत्र्याचे प्रेसिंग किंवा मशीनिंगचे जॉबवर्क करणाऱ्याने माल वेळेवर तयार ठेवला, तरी लाइन थांबली की त्याची उचल थांबते. पोलाद विकत घेऊन झालेले असते, कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला येतो, आणि कंत्राटी कामगाराची शिफ्ट सर्वांत आधी कापली जाते. ज्याची काहीच चूक नाही, त्याच्याच गल्ल्यात खडखडाट होतो.

लागेल तेवढाच माल लागेल तेव्हा मागवण्याची पद्धत साठ्याचा खर्च वाचवते. पण जो भाग मोजक्याच ठिकाणी बनतो, त्याच्याबाबत ती घातक ठरते. अशा भागांचा साठा मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या खर्चाने ठेवावा आणि लाइन थांबण्याची शक्यता दिसताच व्हेंडरला आगाऊ कळवावे. स्वीकारलेल्या मालाचे पैसे लघुउद्योगाला जास्तीत जास्त 45 दिवसांत मिळाले पाहिजेत, हे 2006 च्या कायद्यात लिहिलेलेच आहे. लाइन चालू असो वा बंद, तो कायदा पाळला गेलाच पाहिजे.